आत काही ठेवू नये

आई प्रेसमध्ये कागद मोजायची.
नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही,
भोंग्यावर घराघरांतली घड्याळं लागायची.
नोटांकडे नव्हती ती. निळ्या अंतर्देशीय पत्रांवर होती:
कोरी, डिंक लावलेली, शंभराची गड्डी,
गड्डीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा
आणि मोजणारीची सही.

बोट ओल्या स्पंजवर टेकवून
पंख्यासारखी उघडायची गड्डी, ओठ न हलवता.
एक कमी भरलं तर कुणी घरी जायचं नाही.
पगारेबाईंच्या टेबलावर एकदा निघालं कमी,
रात्री नऊला सापडलं,
शेजारच्या पत्राच्या डिंकाला चिकटून बसलेलं.
बायका रडल्या, मग डब्यांतलं उरलंसुरलं
वाटून खाल्लं.

गेटवर झडती. कपटा बाहेर यायचा नाही.
म्हणून पगाराच्या दुसऱ्या दिवशी
जेलरोडच्या पोस्टात रांगेला उभी राहून
पस्तीस पैशांना विकत घ्यायची
कदाचित स्वतःच मोजलेलं एक.
उजेडाकडे धरायची. 'आपलंच,' म्हणायची.

लिहायचे मी. तिला आकडे यायचे,
आणि सहीपुरती दोन अक्षरं.
स्टोव्हला पंप मारता मारता ती सांगायची,
मी शाईपेन झटकून (फरशीवर अजून आहेत ते शिंतोडे)
कळवणच्या हिरामावशीला लिहायचे, इकडील सर्व क्षेम.
घडीवर छापलेलं असायचं: आत काही ठेवू नये.
ती ओळ मला आधी मोठ्यानं वाचायला लावायची
आणि मग सुरू व्हायची.

दारणेचं पाणी, रेशनची साखर, दादाचं नापास होणं.
मध्येच थांबून, 'हे नको लिहूस.'
पण निब तोवर टेकलेली असायची कागदाला,
टिपका वाढत जायचा, मुगाएवढा, मसुरीएवढा,
आई बोलत राहायची, मी ऐकत.

मावशीकडून उत्तर यायचं.
आधी तिच्या सासऱ्यांच्या टाकानं, जाड-बारीक, मोडीच्या वळणाचं,
ते गेल्यावर तिच्याच हातचं, कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून,
म्हणून तिची जीभ जांभळी असणार असं मी धरून चालले होते.
क्षेमकुशल झालं की खाली हमखास:
'शेवंते, चौथ्या ओळीपाशी काय झालं?'

मग मला स्कॉलरशिप मिळाली, बक्षिसात बॉलपेन.
स्वच्छ, सरळ, कुठे थांबलं तरी डाग नाही.
मावशीनं विचारायचं बंद केलं.
आम्हाला वाटलं, तिला आता दिसत नसेल नीट.
पुढे कोपऱ्यावर पिवळा बूथ आला, मग घरात फोन,
मावशी गेल्याचंही फोनवरच कळलं,
खरखरीतून, दोनदा विचारून.

आई गेली परवाच्या आखाडात.
ट्रंकेत तिच्या लुगड्यांखाली एक गड्डी.
पन्नास पैशांची, पाऊण रुपयाची, शेवटची अडीचची.
मावशी गेल्यावरही घेत होती, म्हणजे रांगेत उभी राहत होती.
सगळी कोरी. प्रत्येक घडी घालून, डिंक ओला करून
नीट चिकटवलेलं.
एक मी सुरीनं उघडलं. आत काही नाही.
छापलेल्या सूचनेचं असं पालन
पोस्टखात्याने बापजन्मात पाहिलं नसेल.

वर चिठ्ठी. तिच्या हातचं एवढंच माझ्याकडे आहे:
१००. शे. नि.

मोजली. नव्याण्णव.
पुन्हा मोजली, बोट ओलं करून, तिच्यासारखी.
डिंकाला डिंक चिकटलाय का पाहिलं,
ट्रंकेचा कागद उचलून पाहिला,
लुगडी एकेक झटकली.
तिची मोजणी चुकत नाही.

संध्याकाळचा भोंगा होऊन गेला.
जावई खालून हाक मारतायत, जेवायला चला.
एक कमी आहे.